दोन रुपयांचा शेअर आणि आपली पुंजी
(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वांचे अभिनंदन. कमिटीने मला ‘निवृत्तांची गुंतवणूक’ असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच तुकडा घेतो, कारण हल्ली सकाळी फिरायला निघालो की तोच कानावर येतो. “काका, एक शेअर आहे, दोन रुपयाला मिळतोय. दिवाळीपर्यंत वीस होणार. ग्रुपवर पक्की बातमी आली आहे.” बँकेत नोकरी केली म्हणून माणसे मला विचारतात. एकेकाला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगतो.

आपल्या खानदेशात शेअरचा विषय निघाला की अमळनेर येणारच. 1945 साली तिथे मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ हे त्याचे नाव, त्याचेच पुढे विप्रो झाले. गावातल्या लोकांनी शंभर-शंभर रुपयांचे शेअर घेतले. ज्यांनी ते सांभाळले त्यांच्या घरात पुढे लाखो-कोटी आले, हे खरे आहे. टिप देणारा नेमके हेच उदाहरण देतो.

पण त्याचे गणित नीट बघा. गावासमोर चालणारा कारखाना होता. माल बाजारात विकला जात होता. 1966 साली अझीम प्रेमजींनी वयाच्या एकविसाव्या वर्षी कारभार हाती घेतला आणि तूप-साबणाच्या कंपनीला संगणकाच्या धंद्यात नेले. भागधारकांना पुन्हा पुन्हा बोनस मिळाले, 1999 साली दहा रुपयांच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर झाले. या सगळ्याला पन्नास वर्षे लागली. अमळनेरकरांना कोणी ‘दिवाळीपर्यंत’ असे सांगितले नव्हते. आणि त्याच काळात किती कंपन्या बुडाल्या, त्यांचे कागद कोणाच्या ट्रंकेत पडले आहेत, ते कोणी मोजत नाही.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे येऊ. दोन रुपयांचा शेअर स्वस्त असतो का? समजा एका कंपनीचे शंभर कोटी शेअर आहेत, भाव दोन रुपये. म्हणजे बाजाराने त्या कंपनीची किंमत केली दोनशे कोटी. दुसऱ्या कंपनीचे दहाच लाख शेअर आहेत, भाव पाचशे रुपये. तिची किंमत झाली पन्नास कोटी. दोघींचा नफा सारखाच असेल तर महाग कोणती? दोन रुपयांची! केळीचा व्यापारी घड बघतो, वजन बघतो, मग भाव करतो. आपण मात्र नुसता भाव ऐकून पिशवी पुढे करतो.

हा खेळ चालतो कसा, तेही सांगतो. अशा शेअरमध्ये रोजची उलाढाल थोडी असते. आठ-दहा माणसे एकमेकांतच खरेदी-विक्री करून भाव चढवतात. रोज पाच टक्क्यांचे अप्पर सर्किट लागले तर वीस दिवसांत शंभराचे दोनशे पासष्ट होतात. तो आलेख मोबाईलवर फिरतो. सोबत बातमी येते : कंपनीला परदेशी ऑर्डर मिळाली, मोठा उद्योगसमूह कंपनी घेणार. मग आपल्यासारखे लोक घ्यायला धावतात आणि चढवणारे आपला माल त्यांच्या गळ्यात घालून निघून जातात. त्यानंतर लोअर सर्किट सुरू होते. वीस दिवसांत शंभराचे छत्तीस. आणि मुख्य दुखणे म्हणजे विकायचे म्हटले तरी समोर घेणारा नसतो. भाव दिसतो, पैसा मिळत नाही.

ही माझी कल्पना नाही. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या प्रकरणात सेबीने मार्च 2023 मध्ये अंतरिम आदेश काढला. यूट्यूबवर व्हिडिओ टाकले होते की अदानी समूह ही कंपनी घेणार आहे, एका अमेरिकन कंपनीशी भक्तिपर चित्रपटांसाठी 1,100 कोटींचा करार झाला आहे. व्हिडिओ जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचावेत म्हणून जाहिरातीवर पैसाही ओतला होता. छोट्या भागधारकांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती, ती पंचावन्न हजारांवर गेली. आणि त्या चढ्या भावात विकणाऱ्यांत कोण होते? काही प्रवर्तकही होते. घरचाच माणूस दुकान रिकामे करतोय आणि आपण दारात रांग लावतोय.

वरणगावसाठी एक खास गोष्ट. आपल्या इथे निम्मी घरे ऑर्डनन्स फॅक्टरीशी जोडलेली आहेत. 1 ऑक्टोबर 2021 पासून फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत गेली. ही कंपनी सरकारच्या मालकीची आहे, तिचा शेअर बाजारात नाही. त्यामुळे ‘लिस्टिंगच्या आधी कोट्यातून मिळवून देतो’ असे कोणी म्हटले तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तसेच ‘डिफेन्स’ हा शब्द नावात आहे म्हणून कोणतीही कंपनी दारूगोळा बनवत नसते. फॅक्टरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे मी काय सांगावे? निविदा, तपासणी, नमुना पास होणे याला किती काळ लागतो ते तुम्हीच जाणता. मग दहा माणसांच्या कंपनीला रातोरात ऑर्डर मिळाली, यावर तुम्ही विश्वास कसा ठेवता?

आणि खरी, कामाची कंपनी असली तरी जोखीम असतेच. जळगावची जैन इरिगेशन आपण सगळे ओळखतो. ठिबकचे काम खरे, माल खरा. तरी 2010 च्या सुमारास दोनशे रुपयांच्या वर असलेला भाव मार्च 2020 मध्ये पाच रुपयांच्या खाली आला. कारण कर्जाचा डोंगर. पुढे कर्जाची पुनर्रचना झाली, भाव काहीसा सावरला. मुद्दा एवढाच, की कारखाना माहीत असणे वेगळे आणि ताळेबंद माहीत असणे वेगळे.

मग करायचे काय? शेअर घेऊच नका असे मी म्हणत नाही. घेण्याआधी मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर चार गोष्टी बघा. गेल्या तीन वर्षांचा नफा. प्रवर्तकांचा हिस्सा वाढतोय की घटतोय, आणि त्यातला गहाण किती. ऑडिटरने काही शेरा मारला आहे का. रोज किती शेअर हातबदल होतात. ग्रुपवरची बातमी तिथे जाहीर केलेली नसेल तर ती बातमी नव्हे, बाजारगप्पा समजा. सल्ला देणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक आहे का ते सेबीच्या यादीत स्वतः तपासा. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवू नका. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो.

तरुण मुलांना एक विनंती. तुमचे पाच हजार गेले तर तुम्ही पुन्हा कमवाल. वडिलांची ग्रॅच्युइटी पुन्हा येणार नाही. त्यांच्या मोबाईलवर डिमॅट उघडून देता, तर त्यांच्या शेजारी बसून हे चार कागदही दाखवा. सोसायटीचा ग्रुप पाणी, लाईट, मयत, लग्न यांसाठी आहे. तिथे टिप टाकू नये, असा नियमच कमिटीने करावा. कारण आपल्याच माणसाने पाठवले म्हणून लोक विश्वास ठेवतात, आणि पैसे गेले की शेजाऱ्या-शेजाऱ्यांत बोलणे बंद होते.

शेवटी एकच. आपल्या सोसायटीचा राखीव निधी कुठे ठेवायचा हे सहकार कायद्याच्या कलम 70 ने बांधून दिले आहे. अध्यक्षांना वाटले म्हणून तो दोन रुपयांच्या शेअरमध्ये घालता येत नाही. कोणी घालायचा म्हटला तर सर्वसाधारण सभेत तुम्हीच उठून जाब विचाराल. हाच जाब आपल्या घरच्या पुंजीबद्दल विचारायला मात्र कोणतेही कलम येणार नाही. तिथली सभा नवरा-बायकोची. तेव्हा पैसे लावण्याआधी घरात ठराव मांडा, आणि दोघांची सही झाल्याशिवाय रक्कम काढू नका.