सभेतले बोलणे आणि संशोधनाचे लिहिणे

आपल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना वक्तृत्वाचा पहिला धडा बहुधा शिवजयंतीच्या दिवशी मिळतो. गुरुजींनी लिहून दिलेले भाषण, ते पाठ करून घेता घेता दमलेली आई, आणि व्यासपीठावर ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ म्हणताना लटपटणारे पाय! यात वाईट काही नाही. माणसाने चार लोकांत उभे राहून बोलायला शिकावेच. अडचण पुढे येते. यांतलाच एखादा मुलगा कॉलेजात जाऊन प्रबंध लिहायला बसतो, किंवा एखादे गुरुजीच आपल्या गावाचा इतिहास लिहायला घेतात, आणि कागदावर उतरते ते पुन्हा भाषणच. ‘हे कोण नाकारील?’, ‘ही गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ आहे’ अशी वाक्ये ओळीने येतात. पुरावा शोधायला जावे, तर तो कुठे सापडत नाही.

आता, भाषण आणि शोधलेख या दोहोंचे काम एकच, समोरच्याला पटवून देणे. पण सभेतल्या श्रोत्याला वक्त्याला मध्येच थांबवून ‘दाखवा पाहू तो कागद’ असे म्हणता येत नाही. वाचकाला येते. तो पान उलटून मागे जातो, बोट ठेवतो, दुसरे पुस्तक उघडून पडताळतो. म्हणून सभेत आवाज जे काम करतो, ते लेखात पुराव्याच्या मांडणीने करावे लागते.

नुसते तत्त्व सांगून भागायचे नाही. ज्या दिवशी ती भाषणे होतात, त्या दिवसाचीच हकीकत घेऊ.

शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो केव्हा झाला याचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या चिटणीस बखरीत आणि तिच्यासारख्या उत्तरकालीन लिखाणांत वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ चा एप्रिल महिना दिलेला आहे. तीच तिथी पुष्कळ वर्षे सर्वमान्य होती. लोकमान्य टिळकांनी १९०० मध्ये ‘केसरी’त या तिथीच्या प्रश्नाची चर्चा केली. पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली त्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती छापून निघाली. शकावली म्हणजे घडलेल्या गोष्टींची सालवार टिपणे. तिच्यात जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. फरक थोडाथोडका नव्हे, जवळजवळ तीन वर्षांचा! अफझलखानाची भेट १६५९ च्या नोव्हेंबरात झाली. तेव्हा महाराज एका हिशेबाने बत्तीस वर्षांचे होतात, दुसऱ्याने एकोणतीस.

इथे सभा असती तर काय झाले असते ते आपण जाणताच. एक पक्ष म्हणाला असता, ‘इतक्या बखरी एकमुखाने सांगतात, त्या काय सगळ्या खोट्या?’ आणि टाळ्या पडल्या असत्या. पण संशोधकाने विचारायचे ते निराळेच. या बखरी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का? एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरली असेल, तर साक्षीदार दहा नाहीत, एकच आहे. आज मोबाईलवर एकच मजकूर पन्नास ठिकाणांहून येतो, म्हणून काही तो पन्नास वेळा खरा ठरत नाही; तसेच हे. शिवाय साक्षीदार घटनेपासून किती दूर उभा आहे? चिटणीस बखर आणि जन्म यांच्यात पावणेदोनशे वर्षांहून अधिक अंतर आहे. जवळची म्हणावी अशी सभासद बखर सतराव्या शतकाच्या अखेरची, पण तिने जन्मतिथी दिलेलीच नाही.

मात्र हेच प्रश्न शकावलीलाही विचारले पाहिजेत, आणि पुष्कळ लिहिणारे घसरतात ते इथे. नावडत्या कागदाला दहा प्रश्न आणि आवडत्याला एकही नाही, असे करून चालत नाही. एका घराण्याच्या दप्तरातला एक कागद, त्यावर एवढा मोठा निर्णय कसा टाकायचा? हा आक्षेप रास्तच होता. त्याला उत्तर मिळाले ते दुसऱ्या ठिकाणाहून. महाराजांच्या आश्रयाला असलेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचे हस्तलिखित तंजावरच्या ग्रंथसंग्रहात मिळाले, सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यातही शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली. राजस्थानातल्या एका जुन्या जन्मपत्रिकांच्या संग्रहातूनही याच बाजूचा पुरावा पुढे आला. कुठे भोर, कुठे तंजावर, कुठे राजस्थान! इतक्या दुरून आलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की त्या साक्षीला वजन येते.

शकावलीत तिथीबरोबर शुक्रवार हा वारही दिलेला आहे. ही फार मोलाची गोष्ट. वार गणिताने काढता येतो, आणि गणिताला कुणाची भीड नसते. वरच्या वर्गांतल्या मुलांकडून जरूर करून घ्यावे असे हे उदाहरण आहे. आपण जी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख म्हणतो, तिचा वार आजच्या कॅलेंडरवरून मागे मोजत काढला, तर मंगळवार येतो! मग शकावली चुकली काय? नाही. ती तारीख त्या वेळी इंग्रजांत चालू असलेल्या जुन्या, ज्यूलियन कालगणनेची आहे. इंग्लंडने ती १७५२ पर्यंत सोडली नव्हती, आणि १६३० मध्ये तिच्यात व आजच्या कालगणनेत दहा दिवसांचे अंतर होते. जुन्या गणनेने तो दिवस बरोबर शुक्रवार येतो. आजच्या गणनेने त्याच दिवसाची तारीख १ मार्च १६३० होते. तेव्हा लेखात तारीख लिहिताना ती कोणत्या गणनेची, हे दोन शब्दांत सांगावे. न सांगितल्यास पुढच्या वाचकाचा आठवडा फुकट जातो.

महाराष्ट्र शासनाने या प्रश्नासाठी १९६६ मध्ये विद्वानांची समिती नेमली. तरी सरकारी निर्णय व्हायला २००१ साल उजाडले. तेव्हा १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य झाली. आजही कोणी जयंती तारखेने करतात, कोणी तिथीने. त्यावर तावातावाने बोलताना लोक दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात. जन्म कोणत्या साली झाला, हा पुराव्याचा प्रश्न. उत्सव पंचांगाने करावा की कॅलेंडरने, हा रीतीचा. पहिल्याला कागदपत्रे लागतात. दुसऱ्याचे उत्तर कुठल्याही दप्तरात मिळणार नाही. प्रबंधाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रथम एवढेच विचारीन, ‘बाबा रे, तुझा प्रश्न एका वाक्यात सांग.’ सांगता आला नाही, तर लिहायची घाई करू नये. ‘आमच्या तालुक्याचे वैभव’ हा प्रश्न नव्हे, ते भाषणाचे नाव झाले. ‘आमच्या गावची पेठ कोणत्या वर्षांच्या दरम्यान ओस पडली?’ हा प्रश्न झाला. त्याच्या मागे लागले की आपोआप तलाठ्याकडची जुनी पत्रके, देवळातला शिलालेख, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांची वाट दिसते.

शब्दांविषयी थोडे. ‘निःसंशय’ हा शब्द जपून खर्चावा. कागदात स्पष्ट लिहिलेले असेल तर ‘आहे’ म्हणावे, अनुमान असेल तर ‘दिसते’ म्हणावे, नुसता तर्क असेल तर ‘असावे’. आपल्या मराठीने या छटा क्रियापदातच ठेवून दिल्या आहेत. त्या वापरायला लाज वाटण्याचे कारण नाही. काहींना वाटते, ‘असावे’ लिहिले की लेख लेचापेचा होतो. मला तर उलट, पानोपानी ‘निःसंशय’ दिसले की लेखकाचाच संशय येऊ लागतो. आणि विरुद्ध पक्षाचे म्हणणे मांडायचे, तर तो पक्ष स्वतः मांडील तितक्या जोराने मांडावे, मग खोडावे. पेंढ्याचा पैलवान करून त्याला चीत करण्यात कसली कुस्ती?

आपल्यापैकी कोणी गुरुजी या सुटीत गावातला शिलालेख उतरून घेणार असतील, तर वहीत आधी लिहावे, दगड कुठे आहे, कोणत्या दिशेला तोंड करून आहे, कोणी व कोणत्या दिवशी वाचला. शेंदूर खरवडू नये; गावाची संमती घेऊन मगच हात लावावा. अक्षरे दगडावर जशी आहेत तशीच उतरावीत, शुद्धलेखन सुधारू नये. जी वाचता येत नाहीत त्यांच्या जागी तेवढेच ठिपके द्यावेत. अर्थाविषयीचा आपला तर्क खाली, वेगळ्या ओळीत लिहावा.