शिष्टाई संपल्यावर

(शेलू, तालुका कर्जत येथील कीर्तनातील निरूपण)



पंढरीचा देव डोळ्यांपुढे आणा. हात कमरेवर, पाय विटेवर. कुणावर उगारलेलं शस्त्र नाही. आणि हाच देव द्वारकेचा राणा. कुरुक्षेत्रावर अर्जुनाने धनुष्य खाली ठेवलं, तेव्हा हाच त्याला ऊठ म्हणाला, लढ म्हणाला. मग भाविकाच्या मनात प्रश्न येणारच. राजा जुलमी झाला, प्रजेचं तोंड दाबून बसला, तर त्याच्यावर चालून जाणं हा धर्म की अधर्म?

हा प्रश्न आता फक्त पोथीतला राहिलेला नाही, माउली. टीव्ही लावा, जगात कुठेतरी बॉम्ब पडतोय. आणि टाकणारा म्हणतोय, मी हुकूमशहाला घालवायला आलोय. तो खरं बोलतो की खोटं, हे आपण शेलूसारख्या गावी देवळात बसून कसं ओळखायचं?

खूण महाभारतात सांगून ठेवली आहे. दुर्योधन किती वाईट, एवढ्यावर युद्धाचा न्याय ठरत नाही. वाईट माणसं जगात उदंड आहेत. प्रत्येकावर सैन्य घालायचं तर पृथ्वी रिकामी होईल. न्याय ठरतो तो आपल्या वागण्यावरून. युद्धाआधी आपण काय केलं, युद्धात काय आवरलं, आणि युद्ध संपल्यावर काय परत दिलं.

युद्धाआधीचं पाहा. बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास. तेवढं भोगूनही देव स्वतः शिष्टाईला गेला. मागितलं काय? पाच गावं. पाच भावांना पाच गावं, बाकी राज्य तुझं. दुर्योधन म्हणाला, सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन देणार नाही. तिथे शिष्टाई संपली आणि मग शंख वाजला. देवाला दुर्योधनाचं उत्तर माहीत नव्हतं का? माहीत होतं. तरी गेला. का? पुढे जी रांडाव होणार होती, जी लेकरं पोरकी होणार होती, त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं की बाई, दुसरा मार्ग ठेवला नव्हता गं त्याने.

आता म्हणाल, महाराज, ही झाली द्वापारातली गोष्ट. आपल्या मुलखात असं कधी घडलंय का? घडलंय. आपल्याच कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाला, गोव्यात.

1932 साली पोर्तुगालात सालाझार नावाचा माणूस पंतप्रधान झाला आणि 1968 पर्यंत सत्ता धरून बसला. पक्का हुकूमशहा. वर्तमानपत्रावर पहारा, सभेला बंदी, गुप्त पोलिसांची भीती. गोव्यात तर लग्नपत्रिका छापायची तरी सरकारची मंजुरी लागे. 18 जून 1946 ला राममनोहर लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. पुढच्या वर्षी इंग्रज गेला, सालाझार हलला नाही.

आपल्या सरकारने काय केलं? शिष्टाई. 1950 साली पत्र दिलं, बसा, बोलू. उत्तर आलं, बोलण्यासारखं काही नाहीच. 1953 साली लिस्बनमधली आपली वकिलात बंद करावी लागली. मग माणसं नुसत्या हातांनी निघाली. 1955 च्या मे महिन्यात सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे सत्याग्रही घेऊन हद्दीत शिरले. बापट तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे, बरं का! त्याच साली 15 ऑगस्टला हजारो सत्याग्रही गेले. हातात झेंडा, ओठात घोषणा. समोरून गोळ्या आल्या. वीसाहून अधिक माणसं मेली. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग नावाचा तरुण त्यात होता. कुठला पंजाब, कुठला गोवा!

इथे थांबा आणि विचार करा. सरकारने त्यानंतरही सहा वर्षं वाट पाहिली. कुणी म्हणेल, हे मोठेपण. कुणी म्हणेल, वाट पाहायची तीही दुसऱ्याच्या जिवावर. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मास्तर होते. 1955 ला पकडले गेले, पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात नेले. गोवा सुटला 1961 ला. रानडे सुटले 1969 ला. थांबण्याचंही मोल असतं, माउली, आणि ते आत कोंडलेला माणूस देतो. म्हणून शिष्टाई करावी जीव ओतून. पण ती अनंतकाळ चालवणं म्हणजे धर्म नव्हे. देवानेही हस्तिनापूरच्या शंभर फेऱ्या केल्या नाहीत.

18 डिसेंबर 1961 ला फौज आत गेली, 19 ला संध्याकाळी शरणागतीवर सही झाली. साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली. संयुक्त राष्ट्रांत ओरड झाली, गांधींच्या देशाने शस्त्र उचललं! ती ओरड सगळीच खोटी म्हणून उडवून लावू नका. सैन्य पाठवणारा प्रत्येक राजा आपलंच युद्ध न्यायाचं म्हणतो. तेव्हा खूण लावून पाहायची. युद्धाआधी चौदा वर्षं शिष्टाई. ती दिसली.

युद्धात काय आवरलं? आपले 22 जवान गेले, त्यांचे 30. बावन्न घरं अंधारात गेली, ती थोडी म्हणू नका. पण युद्ध म्हटल्यावर कितीतरी अधिक जाऊ शकली असती. आणि यातलं अर्धं पुण्य शत्रूच्या पदरात आहे. सालाझारचा हुकूम होता, शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरण जायचं नाही. तिथला गव्हर्नर व्हासालो ई सिल्वा याने तो हुकूम मोडला आणि माणसं वाचवली. सालाझारने त्याला सैन्यातून बडतर्फ केलं. रावणाच्या घरी बिभीषण असतो तो असा!

आता शेवटची खूण, युद्धानंतरची. साडेचार हजारांवर पोर्तुगीज कैदी आपल्या हाती होते. सूड घेतला नाही. 1962 साली घरी पाठवले. पोर्तुगालची प्रजा तरी कुठे सुखी होती? तीही सालाझारच्याच तुरुंगात. 25 एप्रिल 1974 ला तिथल्या सैनिकांनीच ती राजवट उलथली, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोवली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोवा भारताचा हे मान्य केलं. आणि तो व्हासालो ई सिल्वा 1980 साली पुन्हा गोव्यात आला, तेव्हा गोवेकरांनी त्याचं स्वागत केलं. धृतराष्ट्राला पांडवांनी युद्धानंतर पंधरा वर्षं घरात मानाने ठेवलं होतं, त्याच वाटेवरची ही गोष्ट. हुकूमशहा वेगळा, त्याची प्रजा वेगळी. जो या दोघांना एकच समजून आग लावतो, तो मुक्त करायला आलेला नाही, लुटायला आलेला आहे.

पण फुशारकी नको. न्यायाचं युद्धसुद्धा हात मळवतं. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालायचा. द्रोणाचार्य शस्त्र ठेवावेत म्हणून तो एक अर्धसत्य बोलला आणि रथ धुळीला टेकला. जिंकला धर्मराज, पण रथ पुन्हा वर गेल्याचं कुणी सांगत नाही.

आणि किंमत कोण देतो, तेही आपल्या जिल्ह्यातच पाहा. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे. हिटलर-मुसोलिनीच्या विरुद्धच्या युद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेले. 10 जुलै 1944 ला साथीदार पडले, तेव्हा एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो मोठा मान. पण बावीस वर्षांचा मुलगा काही परत आला नाही.

दुसरे आपले भाई कोतवाल, माथेरानचे. इथून डोकं वर केलं की दिसतो तो डोंगर. नाभिक समाजातल्या गरीब घरातला मुलगा वकील झाला, शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठी काढली, त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. आधी हे सगळं केलं, आणि 1942 ला आझाद दस्ता उभारला. घाव कशावर? मुंबईला वीज नेणाऱ्या मनोऱ्यांवर. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांनी गाठलं. भाई आणि हिराजी पाटील, दोघे तिथे पडले. भाई तीस वर्षांचे.

आता पाहा, जे सरकार युरोपात हुकूमशहाशी लढत होतं, तेच सरकार सिद्धगडाच्या रानात भाईंवर गोळी झाडत होतं. स्वातंत्र्यासाठी लढतो असं तोंडाने म्हणणं किती सोपं! म्हणून तोंडाकडे पाहू नका. शिष्टाई केली का, हात आवरला का, वैर संपवलं का, एवढं पाहा. तिन्हींत उतरलं तर ते युद्ध कर्तव्य. आनंदाचं कधीच नाही. एकात जरी उणं पडलं, तर समोर कितीही मोठा रावण असो, चाललेल्याला धर्म म्हणू नका.

दरवर्षी 2 जानेवारीला सिद्धगडावर माणसं जातात. वारी करणारे पाय तुमचे; एकदा तिथेही जा. पळसगावच्या त्या मुलासाठी, गोव्यात पडलेल्या दोन्हीकडच्या शिपायांसाठीही हात जोडा. त्यातल्या प्रत्येकाची आई दारात वाट पाहत होती. आणि देवाकडे मागणं मागा की बाबा, शिष्टाईला जाणारी माणसं आमच्यात कमी पडू देऊ नकोस.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!