मंगळावर घर करायचं म्हणजे

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



रेशन, पाणी, पोटगी सोडून आज हा मंगळ कुठून काढला, असं तुमच्यातल्या काहीजणींना वाटत असेल. पण परक्या ग्रहावर वस्ती करायची तर कोणाला न्यायचं आणि त्यांची तयारी कशी करून घ्यायची, याचे प्रयोग गेली तीस-पस्तीस वर्षं इथे जमिनीवरच चालू आहेत. चार-आठ माणसांना एका बंद घरात कोंडायचं आणि काय होतं ते बघायचं. बंद घरात काय होतं, याचा अभ्यास आपल्याइतका कोणाचा आहे?

सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतला. ॲरिझोनाच्या वाळवंटात 'बायोस्फिअर 2' नावाचं सुमारे तीन एकरांचं काचेचं बंद जग उभारलं होतं. 26 सप्टेंबर 1991 रोजी चार बायका आणि चार पुरुष आत गेले, ते दोन वर्षांनी बाहेर आले. आत पिकवायचं, शेळ्या-कोंबड्या पाळायच्या आणि त्यावरच जगायचं. स्वयंपाकाची पाळी आठही जणांना होती. राबून राबूनही पोट भरत नसे, सगळ्यांची वजनं उतरली. हवेतला प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला आणि जिना चढताना धाप लागू लागली. कारण काय, तर खतावलेल्या मातीतले जीवाणू प्राणवायू खात होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषून घेत होतं. म्हणजे झाडांनी तो परत करायची वाटच बंद झाली. शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. आठ माणसांत दोन तट पडले, कामापुरतं बोलणं उरलं. तरी काम कोणी अडवलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकत्र कुटुंबात राहिलेल्या बायकांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

आता 'सामान्य माणूस' म्हणजे कोण ते बघा. नासाने ह्यूस्टनला मंगळावरच्या घराची प्रतिकृती बांधली आहे, सुमारे सतराशे चौरस फुटांची. त्यात चौघांची पहिली तुकडी 25 जून 2023 ते 6 जुलै 2024, असे 378 दिवस राहिली. दोन बायका, दोन पुरुष, आणि प्रमुख एक बाई, केली हॅस्टन. बाहेरच्यांना निरोप पाठवला की तो पोचायला बावीस मिनिटं लागतील आणि उत्तर यायला आणखी तेवढीच, अशी व्यवस्था केली होती. मंगळ दूर असताना खरंच एवढा वेळ लागतो. दुसरी तुकडी ऑक्टोबर 2025 मध्ये आत गेली. हे अंतराळवीर नव्हेत, अर्ज मागवून निवडलेले लोक. पण अट काय? वय तीस ते पंचावन्न, अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायमचा वास्तव्याचा परवाना, विज्ञान-तंत्रज्ञानातली पदव्युत्तर पदवी आणि कामाचा अनुभव, नाहीतर हजार तास विमान चालवलेलं. सुईण, गवंडी, नळ दुरुस्त करणारा यांना अर्जही करता येत नाही. वस्ती वसवायला आधी हीच माणसं लागतात, असं आपलं माझं मत.

(याउलट 'मार्स वन' नावाच्या डच उपक्रमाने 2013 मध्ये जगातल्या कोणालाही अर्ज करायला सांगितलं, तेही फी घेऊन. परतीचं तिकीट नाही! 2015 मध्ये शंभर जण निवडले, पन्नास बायका, पन्नास पुरुष. 2019 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. समान संख्या ठेवायला मात्र ते विसरले नव्हते.)

संख्या समान झाली की काम समान वाटलं जातं का? 1982 मध्ये स्वेतलाना सावित्स्काया ही रशियन वैमानिक 'साल्युत 7' या स्थानकावर पोचली. अंतराळात गेलेली जगातली ती दुसरी बाई. आधीपासून तिथे असलेल्या पुरुषांनी स्वागताला तिच्यापुढे काय केलं? स्वयंपाकाचा एप्रन! थट्टा होती म्हणे. ही थट्टा आपल्या ओळखीची आहे.

पण मी आज मुख्यतः जिच्यासाठी उभी आहे ती ज्युडिथ लापिएर. कॅनडाची, आरोग्यशास्त्रातली डॉक्टरेट. डिसेंबर 1999 मध्ये मॉस्कोतल्या एका प्रयोगात ती 110 दिवसांसाठी बंद कक्षात गेली, तिच्या तुकडीतली एकटी बाई. नव्या वर्षाच्या रात्री दोन रशियन पुरुषांत रक्त निघेपर्यंत मारामारी झाली. त्यानंतर एकाने तिला कॅमेऱ्याच्या नजरेआड ओढून जबरदस्तीने चुंबन घेतलं. तिने तक्रार केली. उत्तर मिळालं की हा संस्कृतींमधला फरक आहे. वातावरण बिघडवल्याचा ठपका तिच्यावरच आला. जपानी सहकारी प्रयोग सोडून निघून गेला. तिने मात्र 110 दिवस पुरे केले. दोन कक्षांमधल्या दाराला कुलूप लागलं, तेव्हा कुठे तिला सुरक्षित वाटलं.

आपल्याकडे भंवरीदेवीच्या लढ्यातून आलेला विशाखा निकाल 1997 चा, म्हणजे तेव्हा दोन वर्षांचा होता. 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असतील त्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. चौघांच्या घरात समिती कोणाची? आपल्या कायद्यात छोट्या जागांसाठी जिल्ह्याची समिती तरी आहे. 1967 च्या अंतराळ करारानुसार यान ज्या देशाच्या नोंदीत असेल, त्या देशाचा अधिकार त्यावर आणि आतल्या माणसांवर चालतो. कागदावर ठीक आहे. पण परत यायला निदान सहा-सात महिने लागतात, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच कदाचित हवेचं यंत्र चालवणारा असणार.

राहिला बाळंतपणाचा प्रश्न. वस्ती म्हटलं की मुलं आली. पण मंगळावरचं गुरुत्व इथल्या अडतीस टक्के, तिथे गर्भ कसा वाढतो हे कोणी पाहिलेलं नाही. जपानी शास्त्रज्ञांनी उंदराचे गोठवलेले गर्भ अंतराळ स्थानकावर चार दिवस वाढवून पाहिले, ते निष्कर्ष 2023 मध्ये आले.  गर्भनिरोधक आणि गर्भपाताची सोय तिथे असेल का, हे मला कुठल्याही वस्तीच्या आराखड्यात आधी वाचायचं आहे. 'मानवजात वाढवायची' म्हणून मूल हवंच, असं कोणी ठरवलं तर त्या बाईने माहेरी तरी कसं जायचं?

आपला देशही यात आहे. गगनयानसाठी फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेले चौघेही पुरुष, हवाई दलाचे वैमानिक. बाई म्हणून 'व्योममित्र' आहे. मानवरहित उड्डाणात पाठवण्यासाठी बनवलेली यंत्रबाहुली, चेहरा बाईचा, पाय नाहीत!

दुपारच्या गटचर्चेत मला तुमच्याकडून नियम लिहून हवेत. आठ माणसं, एक घर, तीन वर्षं, बाहेर पडायची सोय नाही. स्वयंपाकाच्या आणि संडास साफ करायच्या पाळ्या कशा लावाल, तक्रार कोणाकडे, आणि दाराची किल्ली कोणाकडे. आश्रयगृहात काम केलेल्या मैत्रिणींनी प्रत्येक गटात एकेक वाटून बसावं.