फाशी म्हणजे किसास नव्हे



फाशीचा विषय निघाला की आपल्यातले काही तरुण म्हणतात, "खुनाची सजा मृत्यू, हे कुरआनातच आहे. मग वाद कशाचा?" आज मी याच प्रश्नावर बोलणार आहे.

सूरह बकरामध्ये किसासचा, म्हणजे बरोबरीच्या शिक्षेचा हुकूम आहे, हे खरे. पण त्याच आयतीत माफीचीही वाट आहे. मृताचा वारस खुन्याला माफ करून दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, घेऊ शकतो. ही सवलत अल्लाहची रहमत मानली आहे. आता भारतीय कायदा पाहा. इथे खटला सरकार चालवते. वारसाने माफ केले तरी फाशी आपोआप टळत नाही. दयेचा अधिकार संविधानाच्या कलम 72 आणि 161 नुसार राष्ट्रपती आणि राज्यपालांकडे आहे. म्हणून आपल्याकडची फाशी म्हणजे किसास नव्हे. फाशीच्या बाजूने बोलायचे तर जरूर बोला, पण तिच्यावर कुरआनची मोहर उठवू नका.

कुणी विचारेल, दियत देऊन पैसेवाला सुटणार नाही का? प्रश्न रास्त आहे. पण फाशीच्या कोठडीत तरी कोण दिसते? ज्याला चांगला वकील परवडत नाही तोच.

2003 मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चार जण ओळखले होते; त्यांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ती घ्यायला माणसे जिवंत होती, एवढेच नशीब.

आणि ज्यांची माणसे मारली गेली, त्यांना सोळा वर्षांनी काय मिळाले? खुनी कोण, याचे उत्तरसुद्धा नाही. पीडितांचा कैवार घ्यायचा तर आधी चोख तपासाची मागणी करायला हवी.

1949 मध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी फाशीच रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते. मीही त्याच बाजूचा आहे. खुन्याला जन्मभर तुरुंगात ठेवा, माझी हरकत नाही. पण चूक दुरुस्त करण्याची वाट बंद करू नका.

तुमचे मत वेगळे असेल तर आता मोकळेपणाने मांडा.