पुढून गळतं, पण मुरतं कुठे?



डहाणू-बोर्डीच्या एखाद्या चिकूवाडीत, नाहीतर तलासरीकडच्या एखाद्या घरामागे ताडपत्रीखाली जुनी पेट्रोल जीप उभी असेल, तर आजचं व्याख्यान तिच्या मालकासाठी आहे. विलीजची ही गाडी महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडायला घेतली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच: चार सिलिंडर, २.२ लिटर, इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये.

या इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, क्रँक पुलीमागे तेल दिसलं की मिस्त्री लगेच सांगतो, "ऑइल सील गेला." पुष्कळदा तो गेलेला असतोही. पण का गेला, हे कोणी विचारत नाही, आणि मग नवा सीलही तसाच जातो.

आधी तेल येतंय कुठून ते बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग सुटलं तरी तेल ओघळून खालीच येणार, आणि पंख्याचा वारा ते सगळीकडे उडवणार. म्हणून इंजिनाचा पुढचा भाग रॉकेलने धुवा, पुसून कोरडा करा आणि त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. पंख्याचा पट्टा उतरवून इंजिन मिनिटभरच चालवा. पट्ट्याविना वॉटर पंप फिरत नाही, जास्त वेळ चालवाल तर इंजिन तापेल. पावडरीवर तेलाची वाट उमटते. ती वरून आली असेल तर सीलला हात लावू नका.

वाट पुलीच्या मागूनच निघाली, तरी अजून पाना उचलायचा नाही. डिपस्टिक काढा. तेल खुणेच्या वर आहे? पेट्रोलचा वास येतोय? मग पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय. चालू इंजिनावर तेल भरायचं झाकण उघडा. धुराचे झोत येत असतील तर रिंगा झिजल्यात, किंवा ब्रीदरचा व्हॉल्व्ह काजळीने बसलाय. व्हॉल्व्ह साफ करणं फुकटचं काम, पण तेच राहून जातं. उडणारं तेल अडवणं एवढंच सीलचं काम. चेंबरमधला दाब त्याने पेलावा ही अपेक्षाच चुकीची.

हे सगळं ठीक असेल तरच रेडिएटर उतरवा. हँडल अडकतं तो नट सोडवा आणि पुली पुलरनेच काढा. हातोडा दूर ठेवा! मग पुलीच्या दांड्यावर, जिथे सीलची कड घासते तिथे, नख फिरवा. नख अडकलं तर तिथे चर पडलाय. समुद्राच्या खाऱ्या हवेत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जीपमध्ये चर नसला तरी गंजाचे खड्डे सापडतात आणि ते नव्या सीलची कड कानशीसारखी खातात. दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवा, किंवा सील जागेत बसत असेल तर थोडा आतबाहेर करा, म्हणजे कड कोऱ्या धातूवर येईल.

आत तेल उडवणारी पत्र्याची चकती असते. तिची खोलगट बाजू बाहेर हवी. जोडताना ती उलटी बसते, कधी खोक्यातच राहते. टायमिंग कव्हरचे बोल्ट आधी ढिले ठेवा, सीलच्या कडेला तेल लावून पुली आत सरकवा, कव्हर मधोमध आलं की मगच आवळा. पुलीच्या चावीच्या खाचेतूनही तेल झिरपतं. तिथे थोडं सीलंट पुरतं.

काढलेलं जुनं ऑइल मात्र विहिरीच्या काठावर ओतू नका. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवणारी केंद्राची अधिसूचना १९९१ची आहे. ती कारखान्यांवर बंधनं घालते. आपल्या डब्यावर पहारा आपणच ठेवायचा.

आणि जुना सील लगेच फेकू नका. त्यावर बहुधा तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. दुकानात गाडीचं नाव सांगून काही मिळालं नाही, तरी या तीन आकड्यांवर सील मिळू शकतो.