अर्ज न केलेलं लेकरू



देगलूरच्या या शिक्षक मेळाव्यात संयोजकांनी मला विषय दिला आहे प्रज्ञावान विद्यार्थ्यांचा. अशा विषयावर अध्यक्षानं दोन-चार थोरांची नावं घ्यावीत, गुरुजनांचा गौरव करावा आणि जेवणाच्या वेळेआधी खाली बसावं, अशी रीत आहे. जेवणाची वेळ मी पाळीन. बाकीचं जमेलच असं नाही.

अशी मुलं शोधण्यासाठी योजनांची वानवा आपल्याकडे कधीच नव्हती. शिष्यवृत्ती परीक्षा तर आपल्यातल्या कित्येकांच्या वडिलांनीही दिलेली आहे. ती चौथी-सातवीला असावी की पाचवी-आठवीला, एवढाच काय तो वाद. साठच्या दशकात राज्य शासनानं खेड्यातल्या हुशार मुलांसाठी निवासी विद्यानिकेतनं काढली, मराठवाड्याच्या वाट्याला औरंगाबादचं आलं. १९६३ साली एनसीईआरटीनं राष्ट्रीय प्रज्ञाशोध सुरू केला. २०२१ पासून तो थांबलेला आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी हळहळलेलंही दिसलं नाही. नवोदय विद्यालयं आली. देशातल्या पहिल्या दोनांपैकी एक आपल्या अमरावतीचं. नांदेड जिल्ह्याचं नवोदय तर आपल्या शेजारी, बिलोली तालुक्यात शंकरनगरला आहे. सहावीला जागा ऐंशी, जिल्ह्यात तालुके सोळा. म्हणजे सरासरीनं एका तालुक्याला पाच लेकरं. २००८ पासून आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती आहे. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. गरिबाच्या घरात ही रक्कम लहान नाही.

या सगळ्या योजनांत एक गोष्ट समान आहे. आधी कुणीतरी फॉर्म भरावा लागतो. ज्यांचा फॉर्म भरला गेला, त्यांच्यातूनच निवड होते. आणि फॉर्म कुणाचा भरायचा हे बहुतेक वेळा वर्गशिक्षक ठरवतो. आपण कुणाचा भरतो? अक्षर चांगलं, वही नीटनेटकी, गृहपाठ वेळेवर, आई-वडील शाळेत येऊन विचारणारे, अशा मुलाचा. ते मूल गुणी असतंच. पण मागच्या भिंतीला टेकून बसलेलं, शिकवताना मध्येच भलताच प्रश्न विचारून आपल्याला वैताग आणणारं लेकरू त्या यादीत सहसा नसतं.

आता वेळापत्रक बघा. एनएमएमएस साधारण डिसेंबरात, नवोदयची परीक्षा त्याच्याच मागेपुढे, शिष्यवृत्ती फेब्रुवारीत. आणि मुखेड-कंधारच्या तांड्या-वाड्यांवरून, आपल्याही काही गावांतून, दसरा-दिवाळीनंतर लोक कोयता घेऊन कारखान्याला जातात, कुणी वीटभट्टीवर, कुणी हैदराबादकडे. मुकादमाची उचल घेतलेली असते, परत यायला पाडवा उजाडतो. म्हणजे या तिन्ही परीक्षा नेमक्या तेव्हा होतात, जेव्हा ही लेकरं उसाच्या फडात असतात. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, ज्या गावात ती नीट चालते तिथं फरकही पडतो. पण वेळापत्रक ठरवणाऱ्याला ऊसतोडीचा हंगाम कधी असतो हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून त्याला त्याचं काही वाटत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ब्रोवर्ड नावाचा परगणा आहे. २००५ पर्यंत तिथंही शिक्षक आणि पालक ज्याचं नाव सुचवतील त्याचीच बुद्धीची चाचणी व्हायची. मग त्यांनी ठरवलं, दुसरीतल्या झाडून सगळ्या मुलांची प्राथमिक चाचणी घ्यायची. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्याचे आकडे तपासले. पात्रतेचे निकष होते तेच होते, तरी गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली मुलं कितीतरी जास्त संख्येनं पुढे आली. ही मुलं आदल्या वर्षीही त्याच वर्गांत बसलेली होती, फक्त त्यांचं नाव कुणी सुचवलं नव्हतं. पुढे पैशाची चणचण आली, चाचणी बंद झाली आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं.

पण सगळ्यांना कागद दिला म्हणजे भागलं असंही नाही. आपण सीमेवरची माणसं. इथं लेकरू घरात तेलुगू बोलतं, कन्नड बोलतं, उर्दू बोलतं, तांड्यावर गोरमाटी बोलतं आणि शाळेत आल्यावर आपण त्याला विचारतो, ‘एका व्यापाऱ्याने शेकडा बारा नफ्याने वस्तू विकली असता मूळ खरेदी किंमत काढा.’ तेच लेकरू आठवडी बाजारात बापाच्या शेजारी बसून सव्वातीन किलो वांग्यांचा हिशेब गिऱ्हाईकानं पिशवी उघडायच्या आत सांगतं. असा एक मुलगा माझ्या वर्गात होता. गणितात काठावर पास व्हायचा. तोंडी विचारलं, वांगी-टमाट्यात विचारलं, की मला पाटी घ्यावी लागायची, त्याला नाही.

यात माझा शोध काही नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांवर काही संशोधकांनी हेच करून पाहिलं आणि १९८५ मध्ये ते छापलं. बाजारात विचारलेल्या हिशेबांत त्या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तशीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तर ३७ टक्के. त्याच सुमारास मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या शाळांतल्या दलित मुलांबरोबर काम करत होते. त्यांच्या ध्यानात आलं, की मुलं अडतात ती विज्ञानात किंवा गणितात कमी आणि पुस्तकाच्या भाषेत जास्त. भाषेवर मेहनत घेतली तेव्हा निकाल सुधारले. त्याआधी खानदेशात खिरोद्याच्या परिसरात त्यांनी विज्ञानाच्या पाठांची भाषा सोपी करून पाहिली होती. चाळीस वर्षं उलटली. आपल्या प्रश्नपत्रिकांची भाषा बघा आणि तुम्हीच सांगा, काय बदललं.

परीक्षेच्या फुटपट्टीबद्दल एवढंच सांगतो. नांदापूरला जन्मलेले विचारवंत नरहर कुरुंदकर इंटरला एकदा नव्हे, जास्त वेळा नापास झाले. त्या काळी प्रज्ञाशोध असता तर ते पहिल्याच चाळणीत गळाले असते. पण हैदराबादला ना. गो. नांदापूरकरांसारखा विद्वान मामा होता, घरात पुस्तकं होती, हातात पडेल ते वाचायची मोकळीक होती. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले, पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. असा मामा सगळ्यांच्या नशिबी नसतो. ज्याला नसतो, त्याच्यासाठी शाळा असते असं मी समजतो.

लातूरचं नाव मी घेणार की नाही, याची काहीजण वाट बघत असतील. लातूर पॅटर्ननं मराठवाड्याच्या मनातला एक गंड काढून टाकला, हे त्याचं ऋण मी मानतो. पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा आपली मुलं कमी नाहीत, हे राजर्षी शाहू महाविद्यालयानं गुणवत्ता यादीत दाखवून दिलं. पण ती सरावाची रीत आहे. दहावीला भरपूर गुण घेऊन आलेल्या मुलाला ती आणखी वर नेते. आठ वर्षांच्या, अजून धड मराठी न बोलणाऱ्या लेकरात काय आहे ते ओळखणं हे तिचं काम नाही आणि तसा दावाही कुणी केलेला नाही. चूक आपली, की आपण तिसरी-चौथीच्या वर्गातही तेच सराव संच आणून ठेवले.

आपल्या शाळांत हुशार मुलाचं काय होतं? द्विशिक्षकी शाळेत तो मॉनिटर होतो. गुरुजी ऑनलाइन माहिती भरत असतात, तोवर तो पहिली-दुसरीला पाढे म्हणायला लावतो. त्यात त्याचं थोडं भलं होतं, गुरुजींचं जास्त. खरं तर वर्ग एकत्र बसतात ही आपली सोयच आहे. तिसरीतली मुलगी गणितापुरती पाचवीच्या रांगेत बसली तर कुठला शासन निर्णय आडवा येतो? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही विशेष गती असलेल्या मुलांना नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडे जाऊ द्या असं म्हटलंच आहे. ज्याचं गणित सुटलं त्याला तसलीच आणखी दहा गणितं देऊ नका. हुशारीची ती शिक्षा झाली. एकच द्या, पण ज्याचं उत्तर तुम्हालाही लगेच येत नाही असं द्या. मुलींच्या बाबतीत तर घाई करावी लागते. सातवीनंतर हायस्कूल दुसऱ्या गावात, आणि मोफत एसटी पास असला तरी एसटी वेळेवर नाही, एवढ्यावर मुलीचं शिक्षण संपतं. तिच्या बापाशी बोलायचं ते सहावीतच.

आता कामाचं बोलतो. दुपारच्या सत्रात मी एक ठराव ठेवणार आहे. प्रत्येक केंद्रानं जुलै महिन्यात, म्हणजे कोयते हलायच्या आधी, तिसरीच्या एकूण एक मुलांची तोंडी चाचणी घ्यावी. कागद-पेन्सिल नाही, पाच-सहा प्रश्न, मुलाच्या घरच्या भाषेत. भाषा येत नसेल तर गावातली शिकलेली मुलगी मदतीला बोलवावी. चाचणी त्या शाळेच्या नव्हे, शेजारच्या शाळेच्या शिक्षकानं घ्यावी. चाचणीत चमक दिसलेल्या मुलांची यादी केंद्रप्रमुखांकडे राहावी. यादीतलं मूल स्थलांतरित झालं, तर त्याचे पुढचे सगळे फॉर्म शाळेनं भरावेत आणि परीक्षेच्या दिवशी त्याला आणण्याचं भाडं शिक्षक संघटनेनं द्यावं. आपण निरोप समारंभांच्या शाली-श्रीफळांवर खर्च करतो, त्यात हे सहज बसेल. दुसरं म्हणजे, देगलूर महाविद्यालय १९६३ साली इथल्या अडत व्यापाऱ्यांच्या संस्थेनं उभं केलं. अडतीवरच्या माणसांना त्या काळी कॉलेज काढावंसं वाटलं, तर आज त्या कॉलेजची प्रयोगशाळा महिन्यातल्या एका शनिवारी या यादीतल्या लेकरांना उघडून मिळावी, एवढी विनंती प्राचार्यांना करायला हरकत नसावी.

ठरावाचा सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक सभागृहातून हवा, आणि तो शक्यतो द्विशिक्षकी शाळेतला असावा.