पावती जपून ठेवा
(शाखेच्या सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



महागाई भत्त्यावर आणि पेन्शनवर आत्ताच दोन भाषणे झाली. मी बोलणार आहे ते पगार हातात पडल्यानंतर काय होते त्याबद्दल.

१९९४ च्या दिवाळीत पतपेढीचे कर्ज काढून मी नागपूरला फ्रिज घेतला. तीन आठवड्यांत तो बंद पडला. दुकानदाराने पावतीच्या तळाशी बोट ठेवले : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' तेवढ्यात माझी बदली इथे बिलासपूरला झाली. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा तेव्हा होता. पण तक्रार करायची ती नागपूरच्या मंचात. दर तारखेला रजा कोण देणार? मी नाद सोडला. कर्जाचे हप्ते मात्र पगारातून कापले जात राहिले, आणि बायकोने त्या फ्रिजात डाळ-तांदळाचे डबे ठेवले.

तो कायदा जाऊन २०१९ चा कायदा आला व २० जुलै २०२० पासून अमलात आला. बदलीच्या नोकरीतल्या माणसासाठी त्यातली एक तरतूद फार मोलाची आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगात त्याला तक्रार करता येते. खरेदी नागपूरची असली तरी तक्रार बिलासपूरला चालेल. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील सक्तीचा नाही. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा. तेव्हा पावतीवरच्या त्या छापील ओळीला भिऊ नका.

मात्र तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि आपले लोक चुकतात ते इथे. दुकानदार 'पुढच्या आठवड्यात मेकॅनिक पाठवतो' म्हणतो आणि आपण ड्युट्या करत वाट पाहतो. पहिल्याच आठवड्यात लेखी तक्रार स्पीड पोस्टाने पाठवा. खिडकीवर पावतीशिवाय आपण तरी कुणाची तक्रार ऐकून घेतो? १९१५ या क्रमांकावर सरकारी ग्राहक हेल्पलाइनही आहे. पुष्कळदा तिथेच काम होते.

एक गैरसमज काढून टाकतो. ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी अडला म्हणून सरकारी नोकराला ग्राहक आयोगात जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसा निर्णय दिला आहे. त्यासाठी संघटना आहे, प्रशासकीय न्यायाधिकरण आहे.

आता थोडे कडू बोलतो. खिडकीच्या आतल्या बाजूला आपणच बसतो. २०१६ साली जम्मूला जाणारी एक गाडी चार तास उशिरा पोचली आणि प्रवाशाचे विमान चुकले. उशिराचे कारण रेल्वेला सिद्ध करता आले नाही, म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली. उलट २०२३ मध्ये, गाडीत प्रवाशाची रोकड चोरीला गेली ही रेल्वेच्या सेवेतील त्रुटी नव्हे, असेही त्याच न्यायालयाने सांगितले. टपालातल्या साथींना २०२३ च्या टपाल कायद्याचे संरक्षण आहे. पण फसवणूक किंवा जाणूनबुजून केलेला उशीर त्यात बसत नाही. म्हणून गाडी का थांबली, टपाल का रखडले, किती जागा रिकाम्या होत्या, याची नोंद त्याच दिवशी रजिस्टरात करा. साहेब म्हणाले 'राहू द्या', तरी करा. माणसे कमी देऊन उशिराचा ठपका खिडकीवरच्या कारकुनावर ठेवायचा, हे आपण किती दिवस सोसायचे?

उद्या संध्याकाळी सहा वाजता मी युनियनच्या कार्यालयात बसणार आहे. कुणाचा पंखा, मोबाइल, शिलाई यंत्र बिघडले असेल त्यांनी बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन यावे. अर्ज हिंदीत लिहावा लागेल. माझी हिंदी कामचलाऊ आहे, पण अर्जापुरती पुरते.